सतरा तास कोणाच्या छातीशी? विकसनशील देशांतील संशोधन : परिचारिकेने ते कसे वाचावे

जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूमध्ये (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) सहा वर्षे काम केलेल्या आणि आता एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या एका परिचारिकेने विचारले आहे : आपल्यासारख्या देशांत अलीकडे झालेल्या आरोग्य संशोधनातले नेमके काय आमच्या कामाला लागू पडते? परदेशी नियतकालिकांत छापून आलेला निष्कर्ष आमच्या वॉर्डात तसाच उतरेल असे धरून चालावे का? आणि एकटीने करता येईल असा, पण उपयोगाचा अभ्यास कोणता?

या तिन्ही प्रश्नांकडे मी एकाच बाजूने पाहते. मी ३४ वर्षे वॉर्डात आणि नंतर नर्सिंगच्या वर्गात काढली आहेत. कोणताही शोधनिबंध हाती आला की निष्कर्षाच्या आधी मी दोन गोष्टी शोधते : हे काम प्रत्यक्षात कोणाच्या हातांनी झाले, आणि त्या हातांना त्यासाठी किती तास मिळाले. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की तो निष्कर्ष आपल्याकडे टिकेल की नाही याचा बराचसा अंदाज बांधता येतो. उत्तरे मिळाली नाहीत तर मृत्युदर कितीही घटलेला दिसला तरी मी तो निबंध बाजूला ठेवून पुन्हा वाचते.

तुम्ही नवजात कक्षात काम करता म्हणून कांगारू काळजीपासून, म्हणजे बाळाला उघड्या त्वचेने छातीशी धरून ठेवण्याच्या पद्धतीपासून, सुरुवात करते. या पद्धतीचा उगम कोलंबियाची राजधानी बोगोटा येथील एका प्रसूती रुग्णालयात आहे. १९७८ साली तिथे एडगर रे सानाब्रिया या डॉक्टरांसमोरची अडचण आपल्या ओळखीचीच होती. इन्क्युबेटर कमी होते, एकेका इन्क्युबेटरमध्ये एकाहून अधिक बाळे ठेवावी लागत होती, आणि जंतुसंसर्ग एका बाळाकडून दुसऱ्याकडे जात होता. यंत्र मिळत नाही म्हणून त्यांनी बाळ आईच्या छातीशी उघड्या त्वचेला लावून बांधले. पुढची अनेक वर्षे हा गरिबांचा पर्याय समजला गेला आणि त्याला एक अटही चिकटली : बाळ आधी ‘स्थिर’ झाले पाहिजे. श्वास, तापमान, नाडी सगळे नीट झाल्यावर, म्हणजे साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, बाळ आईकडे द्यायचे. आपल्याकडेही माझ्या पिढीतल्या सगळ्या सिस्टर हेच शिकल्या आणि हेच शिकवत आल्या. मीही शिकवले.

अडचण अशी होती की कमी वजनाची जी बाळे दगावतात, त्यांतली बरीच याच पहिल्या दिवसांत जातात, म्हणजे आपण त्यांना आईपासून दूर ठेवतो त्या काळात. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांतील पाच मोठ्या रुग्णालयांत हाच प्रश्न तपासला. भारतातले केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. १ किलो ते १.७९९ किलो वजनाची ३,२११ बाळे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली गेली. एका गटात जन्मानंतर लगेच कांगारू काळजी सुरू झाली, दुसऱ्या गटात नेहमीप्रमाणे बाळ स्थिर झाल्यावर. पहिल्या २८ दिवसांत लगेच सुरू केलेल्या गटातली १२ टक्के बाळे दगावली, तर दुसऱ्या गटातली १५.७ टक्के. सुमारे २७ बाळांना लगेच छातीशी धरले तर त्यातले एक अधिक जगते, असा याचा अर्थ. मूळ योजना ४,२०० बाळांची होती. पण फरक इतका स्पष्ट दिसू लागला की दुसऱ्या गटाला ही काळजी नाकारत राहणे अयोग्य ठरले असते, म्हणून देखरेख समितीच्या शिफारशीवरून चाचणी आधीच थांबवण्यात आली. निष्कर्ष मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारस बदलली : जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरुवात करावी आणि दिवसाला ८ ते २४ तास ती चालू ठेवावी.

इथपर्यंतचे बहुतेकांना माहीत असते, कारण सारांशात एवढेच येते. माझे लक्ष मात्र आतल्या दोन आकड्यांकडे गेले. लगेच सुरू केलेल्या गटात त्वचास्पर्शाला सुरुवात होण्याचा मध्यक काळ (निम्म्या बाळांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) १.३ तास होता, तर दुसऱ्या गटात ५३.६ तास. आणि अतिदक्षता कक्षात असताना दिवसाला मिळालेला त्वचास्पर्श पहिल्या गटात १६.९ तास होता, दुसऱ्यात १.५ तास. सुमारे सतरा तास! आपल्या वॉर्डात आई दुपारी येते, खुर्चीवर बसते, तासभर बाळ छातीशी धरते आणि ‘कांगारू दिले’ अशी नोंद केस पेपरवर होते. त्या नोंदीतला तास आणि या चाचणीतले सतरा तास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरे तर आपल्याकडचा तासभर चाचणीतल्या दुसऱ्या गटाला जवळचा आहे, आणि त्या गटात मृत्यू अधिक झाले.

सतरा तास मिळाले कसे, याचे उत्तर त्यांच्या कक्षाच्या रचनेत आहे. या रुग्णालयांनी आईचा पलंग थेट नवजात अतिदक्षता कक्षात आणला. आई आणि बाळ एकाच ठिकाणी दाखल असत. बाळंतिणीचा रक्तस्राव, रक्तदाब, टाके, औषधे हे सगळे त्याच खोलीत पाहिले जाई. सलाईन चालू असलेले, ऑक्सिजन किंवा सीपॅपवर (दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्रावर) असलेले बाळही छातीशी ठेवले जाई. आई दमली, तिला अंघोळीला किंवा जेवायला जायचे असले, किंवा शस्त्रक्रियेनंतर ती अजून उठू शकत नसली, तर घरातली दुसरी व्यक्ती बाळाला छातीशी घेई. यात नवीन यंत्र कोणतेच नाही. बदलले ते कामाचे वाटप, आणि माझ्या मते त्या चाचणीतले सर्वांत अवघड काम हेच होते. स्त्रीरोग विभागाची सिस्टर आणि नवजात कक्षाची सिस्टर यांनी एकाच पलंगापाशी उभे राहून दोन रुग्ण सांभाळायचे, हे लिहायला सोपे असले तरी करायला फार कठीण आहे. आपल्याकडे केस पेपर वेगळे, इन्चार्ज वेगळ्या, राउंड वेगळे आणि बाळंतिणीचे जेवणही वेगळ्या वॉर्डाच्या नावाने येते.

मृत्यू का घटले? लगेच कांगारू दिलेल्या बाळांमध्ये अंग गार पडण्याचे आणि जंतुसंसर्गाचा संशय येण्याचे प्रमाण कमी होते. हे आपल्या अनुभवाशी जुळते. आईच्या छातीशी असलेल्या बाळाला कमी परके हात लागतात, त्याच्या अंगावर रुग्णालयातल्या जंतूंऐवजी आईच्या त्वचेवरचे जंतू वसतात, आणि चीक व दूध लवकर पोटात जाते. शिवाय आई चोवीस तास जवळ असते, तेव्हा बाळाचा श्वास थांबला किंवा रंग बदलला तर ते सर्वांत आधी तिच्या ध्यानात येते. पंधरा वॉर्मरमागे (बाळाला ऊब देणाऱ्या खाटांमागे) दोन सिस्टर असलेल्या रात्रीच्या पाळीत हा शेवटचा मुद्दा किती मोलाचा आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

पण या चाचणीकडे भाविकपणे पाहू नका. पहिल्या ७२ तासांतले मृत्यू ४.६ आणि ५.८ टक्के होते, आणि हा फरक योगायोगाने पडलेला असू शकतो इतका लहान होता. जन्मानंतर तासाभरातही स्वतःचा श्वास न घेणारी बाळे मुळात चाचणीत घेतलीच नव्हती. गांबिया आणि युगांडा येथेही अद्याप स्थिर न झालेल्या बाळांना कांगारू काळजी देऊन पाहिली गेली. तिथे ती सुरक्षित ठरली, पण मृत्युदरात स्पष्ट घट दिसली नाही. या दोन्ही ठिकाणी अधिक आजारी बाळे घेतली होती, आणि प्रत्यक्षात मिळालेले त्वचास्पर्शाचे तासही सतराच्या मानाने बरेच कमी होते. आता ‘एक चाचणी खरी, दुसरी खोटी’ असे ठरवण्याऐवजी दोन्हींतले तास शेजारी शेजारी मांडून पाहा. उपचाराचे नाव एकच असले तरी त्याची मात्रा वेगळी होती. अ‍ॅमिकासिनसारखे प्रतिजैविक अर्ध्या मात्रेत देऊन ‘औषध चालले नाही’ असे आपण म्हणत नाही, मग कांगारूबाबत तसे का म्हणावे?

रुग्णालयाबाहेरही हेच दिसते. हरियाणातल्या फरिदाबाद आणि पलवल या जिल्ह्यांत १.५ ते २.२५ किलो वजनाच्या ८,४०२ बाळांवर झालेल्या चाचणीत कार्यकर्त्या घरी जाऊन आईला आणि घरच्यांना कांगारू काळजी शिकवत आणि ती चालू ठेवायला मदत करत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार नवजात काळातला मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी घटला. महाराष्ट्राला तर ही वाट कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली. त्या वजन करत, अंग गरम ठेवत, श्वास अडखळणाऱ्या बाळाला सावरत, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शनही देत. ३९ गावांत हे काम झाले आणि तुलनेसाठी ४७ गावे होती. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ वर आला. १९९९ च्या त्या निबंधावरून पुढे आशा ताईंच्या गृहभेटींचा देशव्यापी कार्यक्रम आला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे, हे वेळापत्रक तुम्ही सुटी देताना आईला सांगत असालच. मात्र गडचिरोलीतली कार्यकर्ती मोजक्या घरांना जबाबदार होती आणि तिच्या कामाची नियमित तपासणी होत असे. ज्या आशा ताईच्या खांद्यावर लसीकरण, सर्वेक्षण, क्षयरोगाच्या गोळ्या आणि असंख्य नोंदवह्या आहेत, तिच्या गृहभेटीकडून तोच परिणाम मागणे तिच्यावर अन्याय आहे. हे मी मनापासून लिहीत आहे, कारण चर्चासत्रांत ‘आशा काम करत नाहीत’ हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे.

आता प्रसूती कक्षाकडे वळते, कारण तिथला एक अभ्यास मी प्रत्येक विद्यार्थिनीला वाचायला लावते. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे गरीब देशांत मातामृत्यूच्या सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक, आणि त्यावरची औषधे आपल्याकडे आहेतच. मग बायका का दगावतात? एक कारण बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात फार साधेपणाने पुढे आले होते. प्रसूतीनंतर बाळंतिणीच्या खाली मोजमापाच्या रेषा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून मोजलेले रक्त आणि सिस्टर-डॉक्टरांनी नजरेने केलेला अंदाज यांची तुलना झाली, तेव्हा नजरेचा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी भरला. आपली नजर फसते, आणि रक्त जितके जास्त तितकी अधिक फसते. त्याच परिसरातल्या खेड्यांत एएनएमनी (सहायक परिचारिका-प्रसाविकांनी) बाळंतिणींना मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे गर्भाशय आकुंचित करणाऱ्या, गोळ्या देऊन झालेल्या चाचणीत १,६२० स्त्रिया होत्या, आणि अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. हे २००६ सालचे काम आहे. ज्या एएनएमला आपण ‘खालची’ पायरी समजतो, तिच्या हातून ते झाले आहे.

तोच धागा आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर पुढे नेला गेला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक प्रसूती समाविष्ट असलेल्या ‘ई-मोटिव्ह’ चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. अर्ध्या रुग्णालयांत रेषा आखलेली पिशवी वापरायची, पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी रक्त, गर्भाशयाचा घट्टपणा आणि इतर लक्षणे पाहायची, आणि ठरलेली रेषा ओलांडली की सगळे उपाय एकदमच सुरू करायचे : गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन, ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड, सलाईन, तपासणी आणि गरज पडल्यास वरिष्ठांना बोलावणे. यातली कोणतीही गोष्ट नवी नव्हती. आधी मात्र ती एकामागून एक, ‘हे चालत नाही तर ते बघू’ अशा पद्धतीने होत असे, आणि तेवढ्यात वेळ निघून जाई. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा रक्तस्रावाने मृत्यू, यांचे एकत्रित प्रमाण नेहमीच्या रुग्णालयांत ४.३ टक्के होते, तर या पद्धतीच्या रुग्णालयांत १.६ टक्के.

मला त्यातला आणखी एक आकडा अधिक बोलका वाटतो. पिशवी दोन्ही गटांत लावलेली होती, पण तुलनेच्या गटातल्या पिशवीवर रेषा नव्हत्या. तिथले रक्त अभ्यासासाठी नंतर वजन करून मोजले जाई. अतिरक्तस्राव झाला असताना तो वेळेत ओळखला जाण्याचे प्रमाण रेषांच्या गटात ९३.१ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ५१.१ टक्के. म्हणजे जवळपास निम्म्या वेळा समोर घडत असलेली गोष्ट ओळखली गेली नव्हती. तिथल्या सुइणी आणि परिचारिका निष्काळजी होत्या असे यावरून मुळीच ठरत नाही. त्यांच्या हातात मोजायचे साधन नव्हते आणि कृती सुरू करण्याचा ठरलेला क्षण नव्हता. नीट वाचले तर हेही दिसते की फायदा मुख्यतः तीव्र रक्तस्राव घटण्यात आहे, आणि फक्त मृत्यूंची संख्या घेतली तर फरक ठामपणे सिद्ध होत नाही. तरीही २०२५ मध्ये जागतिक मार्गदर्शक सूचना बदलल्या : ५०० मिलीलिटरची वाट न पाहता ३०० मिलीलिटर रक्त गेले आणि सोबत नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला असेल, तर तेव्हाच उपाय सुरू करावेत.

इतके यश वाचून झाल्यावर एक अपयश जरूर वाचा, आणि ते तितक्याच आदराने वाचा. उत्तर प्रदेशातल्या १२० आरोग्य केंद्रांत दीड लाखाहून अधिक मातांचा समावेश असलेल्या ‘बेटरबर्थ’ चाचणीत प्रसूतीच्या वेळची सुरक्षिततेची यादी वापरायला शिकवले गेले. आठ महिने प्रशिक्षक केंद्रावर येऊन सिस्टरांच्या शेजारी उभे राहत. कामात सुधारणा झालीही : दोन महिन्यांनंतर ठरलेल्या कृतींपैकी ७३ टक्के होऊ लागल्या, तर तुलनेच्या केंद्रांत ४२ टक्के. पण प्रशिक्षकांच्या भेटी थांबल्यावर हे प्रमाण ६२ टक्क्यांच्या आसपास उतरले, आणि बाळ-बाळंतिणीचे मृत्यू व गंभीर गुंतागुंत यांत फरक पडलाच नाही. १५.१ आणि १५.३ टक्के, म्हणजे दोन्हीकडे सारखेच. २०१७ मध्ये हा निकाल आला तेव्हा अनेकांनी ‘यादी निरुपयोगी’ असे म्हटले. माझे मत वेगळे आहे. हात धुणे, तापमान घेणे, बाळ लगेच छातीशी देणे ही कामे यादीने वाढवता येतात. पण जन्मतः न रडलेल्या बाळाला पिशवी-मास्कने श्वास देण्याचे कौशल्य, रात्री दोन वाजता मिळणारे रक्त, आणि रेफर केलेल्या बाळंतिणीला पुढच्या रुग्णालयात दार उघडून घेणारे कोणी, यांतले काहीही यादीतून निर्माण होत नाही. तुमच्या कक्षात तक्ता भिंतीवर लावण्याआधी त्या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीसाठी माणूस आणि वस्तू हजर आहे का, हे पाहायला हा अभ्यास शिकवतो.

एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे का उतरत नाही याचे आणखी स्पष्ट उदाहरण नाळेवर लावायच्या क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशक द्रावणाचे आहे. नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यात ते लावल्याने नवजात मृत्यू सुमारे २४ टक्क्यांनी घटले. पुढे बांगलादेश आणि पाकिस्तानातूनही अनुकूल निष्कर्ष आले. त्यानंतर झांबिया आणि टांझानियातल्या पेंबा बेटावर मोठ्या चाचण्या झाल्या, तेव्हा मृत्यूंत फरक दिसला नाही. द्रावण तेच होते. नेपाळमधल्या त्या भागात बहुतेक बाळंतपणे घरी होत आणि मृत्युदर मुळातच जास्त होता, तर आफ्रिकेतल्या त्या भागांत बरीच बाळंतपणे आरोग्य केंद्रांत होत आणि नाळ कोरडी व स्वच्छ राहत असे. ज्या वाटेने जंतू आत येत होते ती वाट तिथे आधीच बरीचशी बंद होती. महाराष्ट्रात आज बहुतेक प्रसूती रुग्णालयांत होतात, त्यामुळे आपल्याला कोणता देश अधिक जवळचा, हे तुम्ही स्वतः ठरवू शकाल.

मनुष्यबळाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर सगळे अनेकदा बोलतात आणि तिथेच थांबतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालाने जगात ५९ लाख परिचारिकांची कमतरता मांडली, आणि त्यातली ८९ टक्के कमतरता गरीब व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत होती. चिलीतल्या ४० रुग्णालयांच्या अभ्यासात एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की मृत्यूची शक्यता सुमारे ४ टक्क्यांनी वाढलेली आढळली. नैरोबीतल्या नवजात कक्षांत संशोधकांनी प्रत्यक्ष बसून परिचारिकांच्या कामाची नोंद केली तेव्हा कितीतरी आवश्यक कामे राहून जाताना दिसली, आणि बरीच कामे नकळत मातांवर सोपवली जात होती. हा नैरोबीचा मुद्दा कांगारू काळजीच्या संदर्भात फार जपून समजून घ्यावा लागतो. आईला बाळाजवळ ठेवणे म्हणजे रिकाम्या जागेवर बिनपगारी सिस्टर नेमणे नव्हे. तशी वेळ आली तर आईचे कल्याण आणि बाळाची सुरक्षितता दोन्ही जातात.

एका नवजात कक्षात मी हे जवळून पाहिले आहे. कक्षाला कांगारूसाठी चार आरामखुर्च्या मिळाल्या. उद्घाटन झाले, फोटो निघाले. दोन महिन्यांनी त्या खुर्च्यांवर लिनन ठेवलेले असे. कारण विचारले तर एका बाळंतिणीने सांगितले, “सिस्टर, टाके ओले आहेत, खुर्चीवर बसवत नाही, आणि इथून शौचालय दोन मजले खाली आहे.” तिच्या सासूबाई बाहेर पायरीवर बसून होत्या. बाळाला छातीशी घ्यायची त्यांची तयारी होती, पण नातेवाइकांना आत सोडायचे नाही असा नियम होता. आम्ही दोन खुर्च्या काढून एक साधा पलंग आत घेतला, आणि हात धुऊन, स्वच्छ गाऊन घालून एका नातेवाईक स्त्रीला आत येऊ देण्याची परवानगी मिळवली. तासांत पडलेला फरक आम्हाला डोळ्यांना दिसत होता. पण आम्ही ते तास लिहून ठेवले नाहीत, आणि ही माझी चूक मला आजही लागते. बदली झाल्यावर पलंग पुन्हा बाहेर गेला, कारण तो आत का हवा हे सांगणारा एकही आकडा आमच्याकडे नव्हता.

म्हणून प्रबंधाबद्दल माझा आग्रह. आपल्याकडच्या नर्सिंग प्रबंधांत एक साचा फार पसरला आहे : मातांचे किंवा परिचारिकांचे ज्ञान तपासायचे, तासाभराचे शिक्षण द्यायचे, आठवड्याने पुन्हा तीच प्रश्नावली भरून घ्यायची, आणि गुण वाढले असे दाखवायचे. गुण वाढणारच. त्याने एकाही बाळाबद्दल काही कळत नाही. कृपा करून या साच्यात अडकू नका. दुसऱ्या टोकाला जाऊन ‘कांगारूमुळे मृत्यू कमी होतात का’ हा प्रश्नही घेऊ नका. पाच देशांतल्या रुग्णालयांना त्यासाठी हजारो बाळे लागली, तुमच्या एका कक्षात वर्षभरात तेवढी येणार नाहीत, आणि शिवाय ते उत्तर आता आलेले आहे.

तुम्ही शोधायचा प्रश्न असा : आमच्या कक्षात १.८ किलोखालच्या बाळाला दिवसाला प्रत्यक्षात किती तास त्वचास्पर्श मिळतो, आणि तो कोणत्या घडीला, कशामुळे तुटतो? पहिले तीन महिने काहीही बदलू नका, फक्त मोजा. बाळाच्या पलंगाशी एक साधा तक्ता टांगा, त्यात चोवीस घरे, प्रत्येक घरात छातीशी की वॉर्मरवर एवढीच खूण, आणि तुटले असेल तर कारण आईच्या किंवा सिस्टरच्या शब्दांत : राउंड, फोटोथेरपी (काविळीसाठी दिव्याखाली ठेवणे), आईचे जेवण, टाक्यांचे दुखणे, आई दुसऱ्या वॉर्डात, नातेवाइकाला प्रवेश नाही. जन्मापासून पहिल्या स्पर्शापर्यंतचे तास वेगळे लिहा. त्याच काळात प्रत्येक पाळीला किती बाळांमागे किती सिस्टर होत्या तेही रोज टिपा, म्हणजे पुढे दोन्ही शेजारी मांडता येतील. चौथ्या महिन्यापासून सर्वांत जास्त वेळा आलेल्या एकाच कारणावर उपाय करा आणि मोजणे तसेच चालू ठेवा. दर आठवड्याचा मध्यक आलेखावर मांडला की बदल टिकतो की ओसरतो ते बेटरबर्थसारखेच तुम्हालाही दिसेल. नीतिमत्ता समितीची मान्यता आधी घ्या, आणि अभ्यासात गट पाडून तुलना करणार असाल तर पहिली आई सहभागी होण्याआधी चाचणीची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद करा. आईकडून संमती घेताना हेही स्पष्ट सांगा की ती थकली तर बाळ खाली ठेवल्याबद्दल तिला कोणीही बोलणार नाही. हे सांगितले नाही तर तक्त्यावरचे तास खरे राहणार नाहीत.

नोंदी तुम्ही एकटीने करू नका, रात्रीच्या पाळीतल्या सिस्टरांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, कारण तास तुटतात ते बहुधा रात्री. पहिल्या महिन्याचे तक्ते भरले की मला पाठवा. रात्रीची काही घरे रिकामी राहिली असतील तर ती रिकामीच पाठवा, सकाळी अंदाजाने भरू नका.